वाराणसीला बुलेट, मुंबईला विमानच?

अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२६ रोजी संसदेत मांडलेल्या अर्थसंकल्पात सात अतिवेगवान रेल्वेमार्गांची घोषणा केली. मुंबई–पुणे, पुणे–हैदराबाद, हैदराबाद–बंगळुरू, हैदराबाद–चेन्नई, चेन्नई–बंगळुरू, दिल्ली–वाराणसी आणि वाराणसी–सिलिगुडी असे हे सात मार्ग आहेत. त्यांपैकी राजधानी दिल्लीतून निघणारा मार्ग एकच, तो म्हणजे वाराणसीचा. देशाची राजकीय राजधानी आणि आर्थिक राजधानी यांना जोडणाऱ्या दिल्ली–मुंबई मार्गाचे नाव या यादीत नाही. पंतप्रधानांच्या मतदारसंघाला प्राधान्य मिळाले, अशी टीका यावर होणे स्वाभाविक आहे. त्या टीकेत राजकीय तथ्य असेलही. परंतु या यादीमागे रेल्वे आणि विमान यांच्यातील स्पर्धेचा एक हिशेबही आहे, आणि तो दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाच्या थेट परिचयाचा आहे. वर्षातून दोन-तीनदा मुंबई, पुणे, नागपूर वा सांगली गाठणाऱ्या या माणसाच्या वाट्याला नेमके काय येणार, याचे उत्तर त्या हिशेबात दडलेले आहे.

रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी अर्थसंकल्पानंतर दिल्ली–वाराणसी प्रवासासाठी ३ तास ५० मिनिटांचा अवधी सांगितला. ही वेळ रेल्वे अर्थशास्त्राच्या अभ्यासकांच्या दृष्टीने मोठी सूचक आहे. जपानमध्ये या व्यवसायातील मंडळी 'चार तासांची भिंत' असा एक शब्दप्रयोग सर्रास वापरतात. रेल्वेचा प्रवास चार तासांच्या आत असेल तर प्रवासी गाडीकडे वळतो, त्याहून अधिक असेल तर तो विमानतळाचा रस्ता धरतो, असा त्याचा साधा अर्थ. दिल्ली–वाराणसी मार्ग या भिंतीच्या अगदी पायथ्याशी थांबतो. दिल्ली–मुंबई मार्ग तिच्या पलीकडे आहे.

जगाचा अनुभव

या भिंतीची कल्पना पुस्तकी नाही. टोकियो आणि ओसाका यांना जोडणारी शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. सुमारे सव्वापाचशे किलोमीटरच्या या टप्प्यावर आज रेल्वेचे निर्विवाद वर्चस्व आहे. तीच गाडी पुढे फुकुओकापर्यंत जाते. तो प्रवास पाच तासांचा होतो आणि तेथे चित्र उलटे होऊन विमानाचा वरचष्मा दिसतो. लोहमार्ग, गाडी आणि वक्तशीरपणा सारखाच असूनही केवळ वाढलेल्या तासांनी प्रवाशाचा निर्णय बदलतो.

फ्रान्समध्ये पॅरिस–लियॉ मार्गावर १९८१ मध्ये टीजीव्ही धावू लागली. दोन्ही शहरांमधील एकूण प्रवासात १९८१ ते १९८४ या काळात विमानाचा वाटा ३१ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर घसरला आणि रेल्वेचा ४० टक्क्यांवरून ७२ टक्क्यांवर गेला. स्पेनने माद्रिद–सेव्हिल मार्ग १९९२ मध्ये खुला केला. तेथे विमानाचा वाटा ४० वरून १३ टक्क्यांवर आला, तर रेल्वेने १६ वरून ५१ टक्क्यांपर्यंत मजल मारली. माद्रिद–बार्सिलोना या ६२१ किलोमीटरच्या मार्गावर १९७४ पासून चालणारी 'हवाई पूल' नावाची विमानसेवा युरोपात गाजलेली होती. २००८ मध्ये अडीच तासांची रेल्वे आली आणि काही वर्षांतच तिने विमानाला मागे टाकले. तैवानमध्ये २००७ साली तैपेई–काओश्युंग अतिवेगवान रेल्वे सुरू झाल्यावर या दोन शहरांमधील विमाने एकेक करून बंद पडली. २०१२ मध्ये शेवटची सेवाही थांबली. चीनमध्ये झेंगझोऊ–शीआन मार्गावर २०१० मध्ये वेगवान गाडी सुरू होताच दोन महिन्यांच्या आत त्या मार्गावरील विमाने स्थगित झाली.

या उदाहरणांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, पाचशे ते सातशे किलोमीटरच्या पट्ट्यात वेगवान रेल्वे विमानाचा जवळजवळ निकाल लावते. दुसरी गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. वेगवान रेल्वेला मिळणारे सगळेच प्रवासी विमानातून उतरलेले नसतात. काही मोटारीतून येतात, काही जुन्या संथ गाड्यांतून येतात आणि बऱ्याच मोठ्या संख्येने असे लोक येतात जे पूर्वी हा प्रवास करतच नव्हते. माद्रिद–सेव्हिल मार्गावर मोटार व बसचा वाटा ४४ वरून ३६ टक्क्यांवर आला, यावरून हा मुद्दा लक्षात यावा. म्हणजे रेल्वे विमानाची मागणी हिरावून घेते तशीच ती नवी मागणी निर्माणही करते. भारतासारख्या देशात हे दुसरे कार्य पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे ठरण्याची शक्यता आहे.

त्यामागचे कारण आकड्यांत आहे. भारतात २०२४ या वर्षात देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या १६ कोटींच्या थोडी पुढे गेली. रेल्वे वर्षाला सुमारे सातशे कोटी प्रवासी वाहते. त्यांतील निम्म्याहून अधिक उपनगरी असले तरी उरलेली संख्या विमान प्रवाशांच्या तुलनेत प्रचंडच आहे. या दोन व्यवस्थांची सरहद्द जेथे एकमेकींना भिडते ती जागा मात्र अरुंद आहे. रेल्वेचे वातानुकूलित वर्ग आणि विमानाचे स्वस्त तिकीट, एवढीच ती जागा. येथेच दोन्ही मंत्रालयांची खरी लढाई गेली वीस-बावीस वर्षे चालू आहे.

रेल भवन विरुद्ध राजीव गांधी भवन

या लढाईच्या इतिहासात मराठी नावे वारंवार भेटतात, हा योगायोग मनोरंजक आहे. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे रेल्वे खात्याचे राज्यमंत्री असताना १९८८ मध्ये नवी दिल्ली–झाशी ही पहिली शताब्दी एक्स्प्रेस सुरू झाली. दिवसा जाऊन दिवसाच परत येण्याची सोय करणारी ही गाडी म्हणजे भारतातील मध्यम अंतरावरच्या वेगवान प्रवासाची खरी मुहूर्तमेढ होती. हेच माधवराव पुढे १९९१ ते १९९३ या काळात नागरी हवाई वाहतूक मंत्री झाले आणि खासगी 'एअर टॅक्सी' कंपन्यांनी त्याच सुमारास आकाशात पाय रोवले.

पुढचा अंक प्रफुल्ल पटेल आणि लालूप्रसाद यादव यांचा. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त विमानप्रवासाची वाट उघडली होती. गोंदियाचे प्रफुल्ल पटेल २००४ पासून २०११ पर्यंत हवाई वाहतूक खाते सांभाळत असताना स्पाइसजेट, इंडिगो या कंपन्या आल्या, दिल्ली व मुंबईचे विमानतळ २००६ मध्ये खासगी व्यवस्थापनाकडे गेले आणि २०१० मध्ये दिल्लीचे तिसरे टर्मिनल उभे राहिले. राजधानी एक्स्प्रेसच्या वरच्या वर्गातील प्रवासी विमानाकडे वळतो आहे, हे रेल भवनाने तेव्हाच ओळखले. लालूप्रसादांनी २००६–०७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात वातानुकूलित प्रथम वर्गाचे भाडे १८ टक्क्यांनी आणि वातानुकूलित द्वितीय वर्गाचे १० टक्क्यांनी कमी केले. २००८–०९ मध्ये पुन्हा कपात झाली. स्पर्धेच्या भीतीने रेल्वेने भाडे उतरवावे, ही भारतीय रेल्वेच्या इतिहासातील विरळा घटना होती.

दहा वर्षांनी धोरणाचे चाक उलटे फिरले. सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना 'फ्लेक्सी फेअर' लागू झाले. दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की भाडे दहा टक्क्यांनी वाढायचे आणि ते मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत जायचे. विमान कंपन्यांचे तंत्र रेल्वेने उचलले; परंतु विमान कंपनी मागणी नसेल तेव्हा भाडे खालीही आणते, ही त्या तंत्राची दुसरी बाजू मात्र उचलली नाही. परिणाम व्हायचा तो झाला. महालेखापरीक्षकांनी २०१८ मध्ये या योजनेवर अहवाल दिला. सप्टेंबर २०१६ ते जुलै २०१७ या काळात रेल्वेला सुमारे ५५२ कोटी रुपयांचे जादा उत्पन्न मिळाले, पण या गाड्यांचे प्रवासी आधीच्या वर्षाच्या तुलनेत घटले, असे त्यात नमूद होते. अनेक मार्गांवर विमानाचे तिकीट राजधानीच्या तिकिटाच्या जवळपास वा त्याहूनही स्वस्त पडते, हेही त्या निमित्ताने पुढे आले. पीयूष गोयल रेल्वेमंत्री झाल्यावर ऑक्टोबर २०१८ मध्ये काही गाड्यांमधून ही योजना मागे घेण्यात आली आणि इतरत्र भाडेवाढीची कमाल मर्यादा खाली आणली गेली. सुरेश प्रभू यांच्याकडे त्याच २०१८ च्या मार्चपासून हवाई वाहतूक खात्याची जबाबदारी आली होती, हा या कथेतील आणखी एक विलक्षण योग.

या सगळ्याचा मथितार्थ असा की, दिल्ली–मुंबईसारख्या मार्गावर प्रवासी तासांचा आणि रुपयांचा हिशेब एकाच वेळी करतो. तास कमी करता येत नसतील तर रुपये वाढवून चालत नाही. रेल्वेने २०१६ मध्ये नेमकी तीच चूक केली.

डिसेंबर २०२५ चा धडा

स्पर्धेची ही गोष्ट एकतर्फी नाही, हे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दिसले. वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीचे नवे नियम पूर्णपणे लागू होत असताना इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले आणि काही दिवसांतच हजारो उड्डाणे रद्द झाली. देशांतर्गत बाजारपेठेचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या या कंपनीकडे असल्यामुळे उरलेल्या कंपन्यांच्या तिकिटांचे दर आकाशाला भिडले. शेवटी सरकारला ६ डिसेंबर रोजी भाड्यावर मर्यादा घालावी लागली. एक हजार ते दीड हजार किलोमीटरच्या प्रवासासाठी, म्हणजे दिल्ली–मुंबईसाठीही, ती १५ हजार रुपये ठरली. त्याच वेळी रेल्वेने ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले आणि विशेष गाड्या सोडल्या.

त्या आठवड्यात दिल्लीच्या विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांना राजधानी एक्स्प्रेसची आठवण झाली, परंतु त्यांतील अनेकांना तिचे आरक्षण मिळाले नाही. पर्यायी व्यवस्था म्हणून रेल्वे आजही उपयुक्त आहे, मात्र तिच्यापाशी ऐनवेळी देण्यासाठी जागा शिल्लक नसते. अतिवेगवान रेल्वेची चर्चा करताना नेहमी वेगाचीच गोष्ट होते. दर अर्ध्या तासाने सुटणारी गाडी आणि स्थानकावर जाऊन मिळणारे तिकीट हे तिचे तितकेच मोठे बलस्थान आहे. टोकियो–ओसाका वा माद्रिद–बार्सिलोना मार्गावर प्रवासी रेल्वेकडे वळला तो या दोन्हींमुळे. दिल्लीत धावणारी एखादी वेगवान गाडी दिवसातून दोनदाच सुटणार असेल आणि तिची प्रतीक्षा यादी महिनाभर आधीच भरणार असेल, तर चार तासांची भिंत ओलांडूनही तिचा उपयोग मर्यादितच राहील.

वाराणसीचे गणित

आता दिल्ली–वाराणसीकडे पाहावे. येथे सध्या वंदे भारत एक्स्प्रेस आठ तास घेते. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झालेली देशातील ती पहिली वंदे भारत. विमान हवेत दीड तासाच्या आसपास असते. परंतु दिल्लीत विमानतळ गाठणे, उड्डाणापूर्वी दीड-दोन तास हजर राहणे आणि वाराणसीत बाबतपूर विमानतळावरून सुमारे पंचवीस किलोमीटर शहरात येणे हे सारे धरले तर घरापासून घाटापर्यंत पाच तास सहज लागतात. पावणेचार तासांची रेल्वे स्थानकाला जाण्यायेण्याचा वेळ धरून तेवढ्याच वेळात पोहोचवील. बरोबरीच्या या सामन्यात भाडे आणि फेऱ्यांची संख्या निर्णायक ठरेल.

त्या मार्गाचा खरा लाभ मात्र मधल्या टप्प्यांना आहे. आखणीच्या प्रस्तावात नोएडा, जेवर, मथुरा, आग्रा, लखनौ, प्रयागराज ही नावे आहेत. लखनौला एकूण अवधीच्या निम्म्याहून थोडा अधिक वेळ लागेल, असे धरले तर दिल्ली–लखनौ विमानसेवेची गत पॅरिस–लियॉसारखी होऊ शकते. आग्र्याच्या बाबतीत प्रश्न विमानाचा नाहीच. तेथे स्पर्धा यमुना द्रुतगती महामार्गावरील मोटारींशी आहे. १६० किलोमीटर वेगाची गतिमान एक्स्प्रेस ५ एप्रिल २०१६ पासून निजामुद्दीन–आग्रा हे १८८ किलोमीटरचे अंतर १०० मिनिटांत कापते. तरीही आग्र्याला मोटारीने जाणाऱ्यांची संख्या घटली, असे कोणी म्हणणार नाही. एक गाडी आणि एक सेवा यांत असा फरक असतो.

दिल्ली–मेरठ 'नमो भारत' हे त्याचे दुसरे उदाहरण. २० ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या झालेल्या या ८२ किलोमीटरच्या मार्गावर १६० किलोमीटर वेगाची गाडी काही मिनिटांच्या अंतराने सुटते. मेरठला विमान जात नव्हते, त्यामुळे येथे रेल्वेने रस्त्यावरचा प्रवासी घेतला. सराई काले खान येथे हे स्थानक निजामुद्दीन रेल्वे स्थानक, बस स्थानक आणि मेट्रो यांना जोडते. उद्याच्या अतिवेगवान रेल्वेचे दिल्लीतील टोक अशाच ठिकाणी आले तर तिचे चार तास खरोखर चार तास राहतील. ते शहराच्या एखाद्या दूरच्या कोपऱ्यात गेले, तर विमानतळाला असलेला दोष स्थानकालाही चिकटेल.

हवाई वाहतूक खात्यालाही या मार्गाची भीती बाळगण्याचे कारण नाही. दिल्ली विमानतळाने २०२३–२४ मध्ये सात कोटी तीस लाखांहून अधिक प्रवासी हाताळले. धावपट्टीवरील प्रत्येक मिनिट मोलाचे झालेल्या अशा विमानतळावर लखनौसारखी छोटी उड्डाणे कमी झाली, तर ती जागा लांबच्या आणि परदेशी उड्डाणांना मिळू शकते. फ्रान्सने तर अडीच तासांत रेल्वेने गाठता येणाऱ्या काही ठिकाणची विमाने २०२३ मध्ये कायद्यानेच बंद केली. भारतात तशी सक्ती कोणी सुचवलेली नाही आणि तिची गरजही नाही. मार्ग आणि विमानतळ यांची आखणी एकत्र झाली तरी पुरे.

मुंबईची रात्र

दिल्ली–मुंबईची गोष्ट वेगळी आहे. मुंबई–अहमदाबाद हा ५०८ किलोमीटरचा मार्ग बांधला जात आहे. त्याला पुढे जयपूर–उदयपूर बाजूने दिल्ली जोडण्याचा विचार रेल्वेच्या योजनांत पूर्वीपासून आहे. तो प्रत्यक्षात आला तरी अंतर चौदाशे किलोमीटरच्या जवळ जाते. ताशी ३२० किलोमीटरची गाडीही थांबे धरून सहा तासांहून अधिक घेणार. विमानाचा हवेतील वेळ सव्वादोन तासांचा आणि घरापासून घरापर्यंतचा सहा-साडेसहा तासांचा. स्थानकाला जाण्यायेण्याचा वेळ मिळवला की विमानच पुढे राहते. बीजिंग–शांघाय या १,३१८ किलोमीटरच्या मार्गावर चीनने ताशी ३५० किलोमीटर वेगाच्या गाड्यांनी साडेचार तासांपर्यंत मजल मारली, तरी तेथील विमानसेवा आजही गजबजलेली आहे. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ उड्डाणांसाठी खुला झाल्यामुळे मुंबईच्या आकाशातील कोंडी काही प्रमाणात सुटू लागली आहे. विमानांची संख्या वाढली की भाडे खाली येते, हा नियम दिल्ली–मुंबई मार्गावरही लागू पडेल.

मग रेल्वेने हा मार्ग सोडून द्यावा काय? तसे मुळीच नाही. येथे रेल्वेच्या हाती दिवसाऐवजी रात्र आहे. १७ मे १९७२ रोजी सुरू झालेली मुंबई राजधानी १,३८४ किलोमीटरचे अंतर सुमारे पंधरा तास चाळीस मिनिटांत कापते. दिल्लीहून ती दुपारी पाचच्या सुमारास सुटते आणि सकाळी साडेआठला मुंबई सेंट्रलला पोहोचते. साडेपाचपर्यंत कार्यालयात थांबावे लागणाऱ्या अधिकाऱ्याला ही गाडी पकडायची तर अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. हाच प्रवास बारा तासांचा झाला, तर रात्री आठला निघून सकाळी आठला मुंबईत उतरता येईल. कामाचा दिवस वाया जाणार नाही, हॉटेलची एक रात्र वाचेल, आणि पहाटेच्या विमानासाठी रात्री तीनला उठण्याचा त्रासही टळेल. झोपेत गेलेल्या तासांचा हिशेब प्रवासी धरत नाही. चार तासांच्या भिंतीला वळसा घालण्याचा हा एकमेव मार्ग आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१९ मध्ये दिल्ली–मुंबई मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगासाठी सज्ज करण्याच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, ती याच हेतूने. १,४८३ किलोमीटरसाठी सुमारे ६,८०० कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला साडेचार कोटींच्या आसपास खर्च त्यात अपेक्षित होता. मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान मार्गाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा, म्हणजे किलोमीटरला दोनशे कोटींहून अधिक. दोन्ही कामांचे स्वरूप निराळे आहे आणि त्यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे. तथापि स्वस्त प्रकल्प रखडावा आणि महागड्याचा गाजावाजा व्हावा, हे प्रशासनाला शोभणारे नाही. कुंपण, पूल, सिग्नल आणि 'कवच' यंत्रणेची कामे पुढे सरकली असली तरी २०२५ अखेरीसही राजधानीचे वेळापत्रक साडेपंधरा तासांच्या आसपासच राहिले. जानेवारी २०२६ मध्ये पहिली शयनयान वंदे भारत हावडा–कामाख्या मार्गावर धावली. दिल्ली–मुंबई मार्गावर अशी गाडी बारा तासांच्या वेळापत्रकासह आली, तरच तिला अर्थ राहील. जुनाच वेळ आणि नवे डबे एवढाच बदल झाला, तर २०१६ च्या भाडेवाढीचीच ती सुधारित आवृत्ती ठरेल.

अधिकारी आणि स्थलांतरित

या मागणीच्या आलेखात दिल्लीतील मराठी समाजाचे दोन थर स्पष्ट वेगळे दिसतात. पहिला थर शासकीय अधिकाऱ्यांचा. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ मध्ये सुधारलेल्या नियमांनी दौऱ्यासाठी विमानाचा हक्क मधल्या वेतनस्तरांपर्यंत आणला. त्यामुळे या वर्गाचा दौरा राजधानी एक्स्प्रेसमधून विमानात गेला. जानेवारी २०२५ मध्ये रजा प्रवास सवलतीखाली वंदे भारत, तेजस आणि हमसफर गाड्यांना मान्यता मिळाली. सरकार स्वतःच या मार्गांवरील एक मोठे ग्राहक आहे आणि त्याचे नियम मागणी इकडची तिकडे हलवू शकतात, ही गोष्ट धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात क्वचितच येते.

दुसरा थर स्थलांतरितांचा. करोलबागेत आणि चांदनी चौकात सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारे सांगली जिल्ह्यातील खानापूर–विटा भागातले गलाई बांधव, खासगी कंपन्यांतील तरुण, स्पर्धा परीक्षेसाठी आलेले विद्यार्थी यांचा त्यात समावेश होतो. या मंडळींना सांगली–मिरजेकडे नेणारी गोवा एक्स्प्रेस एक रात्र आणि दुसरा जवळजवळ संपूर्ण दिवस घेते. पुण्याला दुरांतोनेही वीस तासांच्या आसपास लागतात. मुंबईसाठी निदान दोन मार्गांनी राजधानी आहे. १९ जानेवारी २०१९ पासून कल्याण, नाशिक, जळगावमार्गे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची राजधानी सुरू झाल्याने खानदेश व नाशिककरांची सोय झाली. पुणे आणि दक्षिण महाराष्ट्र मात्र तसेच राहिले. परवडेल तो पुण्याला विमानाने जातो. उरलेला शयनयान वर्गाची प्रतीक्षा यादी पाहत बसतो. या दुसऱ्या प्रवाशाची मागणी विमानाच्या आकडेवारीत दिसत नाही आणि अतिवेगवान रेल्वेच्या अहवालातही दिसत नाही. मुंबई–अहमदाबादच्या अभ्यासात भाडे वातानुकूलित प्रथम वर्गाच्या सुमारे दीडपट धरले होते. त्या दराने तो प्रवासी या गाडीत बसणार नाही, हे उघड आहे.

सात मार्गांच्या यादीत मुंबई–पुणे आणि पुणे–हैदराबाद असल्यामुळे महाराष्ट्राच्या पदरात काहीच पडले नाही, असे म्हणता येणार नाही. मुंबई–पुणे अठ्ठेचाळीस मिनिटांत, असे रेल्वेमंत्र्यांनी सांगितले आहे. परंतु दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्यामधील प्रवासाला या यादीतून काही मिळत नाही, आणि अंतराचा विचार करता मिळणे कठीणही होते. म्हणूनच महाराष्ट्राच्या खासदारांनी दिल्ली–मुंबई बुलेट ट्रेनची मागणी करून टाळ्या मिळवण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी लावून धराव्यात. दिल्ली–मुंबई मार्गाचे १६० किलोमीटर वेगाचे काम कोणत्या तारखेला संपणार आणि राजधानीचे बारा तासांचे वेळापत्रक केव्हा जाहीर होणार, हे लेखी विचारावे. पुणे आणि मिरजेकडे जाणाऱ्या गाड्यांना वेग आणि सामान्य वर्गाचे जादा डबे मागावेत. वरच्या वर्गाचे भाडे विमानाच्या हंगामी दरांशी जोडताना ते खालीही उतरेल, अशी तरतूद करून घ्यावी.

मधू दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम बसवण्याचा त्यांचा निर्णय दिसायला किरकोळ होता. त्यासाठी नवा लोहमार्ग लागला नाही की परदेशी कर्ज लागले नाही. मात्र त्याचा लाभ वर्षानुवर्षे कोट्यवधी प्रवाशांना झाला. वाराणसीची गाडी चार तासांच्या आत धावायची तेव्हा धावो. तोवर मुंबईची जुनी गाडी साडेतीन तास लवकर पोहोचली, तर दिल्लीतील मराठी अधिकाऱ्याला आणि गलाई व्यावसायिकालाही तिचा उपयोग होईल. त्यासाठी लागणारा पैसा २०१९ मध्येच मंजूर झालेला आहे.